स्वयंपाकघरातली घड्याळं

बायको बहिणीकडे गेली आणि घरातली घड्याळं बंद पडू लागली. दुसऱ्या कुणाच्या घरी हे झालं असतं, तर त्याने सेल बदलून विषय संपवला असता. पण हे घर घड्याळजीचं होतं. घड्याळं चावीची, लंबकाची होती आणि त्याने स्वतःच्या हाताने नुकतीच दुरुस्त केलेली होती. तो गॅलरीतले कपडे काढून परत येई, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या भिंतीवरची सगळी गप्प झालेली असत. लंबक सरळ खाली, काटे जागच्या जागी. घड्याळजी पाठ उघडून बघे. चावी भरलेली, चाकं स्वच्छ, दोष म्हणून सापडेना. मग तो बोटाने एकेका लंबकाला ढकले आणि सगळी पुन्हा टिकटिकू लागत.

मुळात ही घड्याळं घरी आणायचीच नव्हती. पण मेहुणीचा पाय प्लास्टरमध्ये, बायको तिच्या उशाशी, आणि मुलाला एकटं ठेवणं शक्य नाही. गिऱ्हाइकांना तर शब्द दिलेला. तेव्हा दुकान बंद करून त्याने कामच उचलून घरी आणलं. एवढी मोठी मोकळी भिंत फक्त स्वयंपाकघरात होती, म्हणून तिथे खिळे ठोकले. बायकोने इतक्या वर्षांत घरात एकही घड्याळ लावू दिलं नव्हतं. नवऱ्याच्या धंद्याचा तिला कंटाळा असेल, असं समजून त्याने कधी कारण विचारलं नव्हतं.

मुलगा पंचविशी ओलांडलेला, स्वमग्न. बोलणं मोजकं, खाणं त्याहून मोजकं. उकडून कुस्करलेला बटाटा, तोही पांढऱ्या वाडग्यात. केळं, पण डाग नसलेलं. पोटाचं दुखणं लहानपणापासूनचं. खाणं थांबलं की पोट अडतं, पोट अडलं की खाणं आणखी थांबतं. आई गेल्यापासून त्याने धड काही खाल्लं नव्हतं. वाडगा समोर आला की दोन्ही हात कानांवर ठेवून तो डोलत बसे, आणि थोड्या वेळाने पोट धरून कुशीवर वळे.

"उद्या सकाळपर्यंत पोट साफ झालं नाही, तर दाखल करावं लागेल," डॉक्टर आज दुपारी फोनवर म्हणाले.

मागच्या वेळी इस्पितळात ते पांढरे दिवे, ती धावपळ, ती नळी. मुलाने भिंतीवर डोकं आपटून घेतलं होतं, आणि त्याला धरून ठेवणाऱ्यांत बापाचेही हात होते. ते पुन्हा करायची त्याची छाती नव्हती.

गेले काही दिवस त्याने डोकं चालवलं होतं, आणि तिथेच घोटाळा वाढला होता. आधी त्याने पोटाचं औषध गुपचूप बटाट्यात कालवलं. मुलाने एकदाच वास घेतला आणि वाडगा टेबलाच्या पार टोकाला सारला. आई औषध पेल्यात ओतून, 'हे औषध आहे, कडू आहे' असं सांगून देते, हे बापाला उशिरा आठवलं. आज सकाळी त्याने तसंच केलं, तेव्हा मुलाने तोंड वाकडं करत पेला रिकामा केला. पण बटाट्याला काही तो हात लावेना.

दुसरी युक्ती आईच्या आवाजाची. बायकोने फोनवर पाठवलेला एक निरोप होता: "जेव रे राजा. थोडं थोडं खा. घाई नाही." जेवणाच्या वेळी घड्याळजी तो मोठ्या आवाजात लावू लागला. मुलगा मान वर करून फोनकडे बघे आणि कान आणखी घट्ट दाबे.

ऐकणारी दुसरी एक व्यक्ती मात्र होती. आज दिवे लावायच्या वेळी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. चेहऱ्याचा रंग उतरलेला, आवाज दबका.

"भाऊ, ताई परत आल्या का हो?"

"नाही अजून. का?"

"मग दिवसातून तीनदा तुमच्या घरात जेव जेव म्हणतं कोण? बॅग घेऊन जाताना मी त्यांना या डोळ्यांनी पाहिलंय."

घड्याळजी हसायला गेला, पण तेवढ्यात त्याच्या मागे स्वयंपाकघरातली टिकटिक थांबली. एकेक करत, डावीकडून उजवीकडे. काकूंनी ते ऐकलं. आवाज थांबल्याचं घड्याळजीला मात्र त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. आयुष्यभर टिकटिकीत बसलेला माणूस, त्याला ती कधीच ऐकू येईनाशी झाली होती.

"हे असं आपोआप थांबतं?" काकूंनी विचारलं.

"रोज."

"ताईंना फोन लावा. आत्ताच्या आत्ता."

त्याने लावला. फोन बंद. पुन्हा लावला, बंद. सकाळपासून तिचा फोन आला नव्हता, हेही त्याला आत्ताच आठवलं. असल्या गोष्टींवर त्याचा विश्वास नव्हता, तरी त्याने तिसऱ्यांदा लावला. जिन्यातला दिवा अजून लागला नव्हता आणि खोलीत इतकी शांतता होती की दोघांना एकमेकांचा श्वास ऐकू येत होता.

आणि आतून आवाज आला.

"जेव रे राजा."

तोच सूर. 'रे'वरचा तोच हेल. काकूंनी घड्याळजीचं मनगट पकडलं. त्याने हातातल्या फोनकडे पाहिलं. पडदा काळा होता.

"थोडं थोडं खा," आवाज म्हणाला. "घाई नाही."

"भाऊ, मी जाते," काकू म्हणाल्या. पण मनगट काही सोडलं नाही. दोघं भिंतीला घासत पुढे सरकले आणि दाराआडून डोकावले.

सगळे लंबक स्तब्ध होते. शेवटच्यावर अजून मुलाचं बोट होतं. तान्ह्या बाळाला थोपटावं तितक्या हळुवारपणे त्याने ते लंबकावरून उचललं, मग खुर्चीत बसला. हात कानांवर नव्हते. त्याने चमचा भरला आणि आईच्या सुरात, आईच्या लयीत स्वतःलाच म्हणाला, "जेव रे राजा." आणि जेवला.

इतके दिवस पोरगं घास घेण्याआधी भिंत शांत करत होतं, आणि बाप मागून येऊन इमानेइतबारे ती पुन्हा सुरू करत होता. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तो न राहवून आत गेला.

चमचा थांबला. मुलाने बापाच्या तोंडाकडे पाहिलं नाही, मनगटाकडे पाहिलं. हात कानाकडे निघाला.

"थांब, थांब," घड्याळजी कुजबुजला. मनगटावरचं घड्याळ सोडवून त्याने काकूंच्या हातात कोंबलं. "बाहेर न्या. जिन्यात."

"मी? एकटी?"

"काकू, कृपा करा."

काकू घड्याळ पदरात गुंडाळून, हात लांब धरून निघाल्या. मुलाने पुन्हा चमचा उचलला. वाडगा रिकामा झाला, मग केळंही गेलं. नंतर तो पोटावर हात ठेवून उठला, संडासात गेला आणि त्याने कडी लावून घेतली.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. "अहो, चार्जर सापडत नव्हता. जेवला का तो?"

"जेवला."

"अगं बाई. कसा काय?" मग तिचा आवाज एकदम संशयी झाला. "मग इतके दिवस का जेवत नव्हता? तुम्ही घड्याळं घरी नाही ना आणली?"

घड्याळजीने भिंतीकडे पाहिलं. "तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्हाला ती टिकटिक ऐकू येत नाही. सांगून काय कळणार होतं?"

तो फोन कानाशी धरून संडासाच्या दाराशी गेला. आणि मग बंद दारामागे साखळी ओढल्याचा आणि पाणी धो धो सुटल्याचा आवाज आला.

"ऐकलंस?" त्याने विचारलं.

"ऐकलं," ती म्हणाली. तिला रडू आवरेना, आणि त्यालाही.

घराचं दार इंचभर उघडलं. जिन्यातल्या अंधारातून काकूंचा बारीक आवाज आला, "भाऊ, हे माझ्या पदरात अजून चालूच आहे हो. आत आणू का?"

"नको," घड्याळजी डोळे पुसत म्हणाला. "तुमच्याकडेच राहू द्या. सकाळी या भिंतीवरची सगळी दुकानात नेईन, तेव्हा खाली येऊन घेईन."

"रात्रभर?" काकू म्हणाल्या. "बरं. पण थांबलं, तर मी तुम्हालाच उठवायला येईन."