सापडलेकाकांची कोरफड स्मूदी

सापडलेकाकांनी आयुष्यात एकही वस्तू हरवली नव्हती. हे आम्ही नाही म्हणत, ते स्वतःच सांगत, दिवसातून चार वेळा! बस डेपोतल्या ‘हरवले-सापडले’ खिडकीमागे एकवीस वर्षं बसून त्यांनी छत्र्या, डबे, चष्मे आणि एकदा तर चक्क कवळी मालकाच्या हवाली केली होती. पण सुखासुखी नाही! ‘वस्तूचं वर्णन? शेवटची कधी पाहिली? ओळख पटवा!’ अशी उलटतपासणी चाले. कवळीवाल्या आजोबांना तर बिनदातांनीच सगळी उत्तरं द्यावी लागली. वर काका आपलं अंगठीचं बोट नाचवत. “ही बघा! अठरा वर्षं झाली लग्नाला, जागची हलली नाही. लक्ष लागतं, लक्ष!”

तर त्या रविवारी सासूबाई आणि साडू यायचे होते. ऊन मी म्हणत होतं. काकांनी जाहीर केलं, “आज मी कोरफडीची स्मूदी करणार. स्वयंपाकघरात कुणी पाऊल टाकायचं नाही!”

“अहो, पान कापलं की थोडा वेळ उभं ठेवा,” बायको म्हणाली. “पिवळा चीक निथळू द्या. कडू असतो तो, पोटही बिघडवतो.”

“मला शिकवू नकोस!”

काकांनी गॅलरीतल्या कुंडीतली चार जाडजूड पानं कापली आणि लगेच सोलायला घेतली. गर हातातून सटकला तो ओट्यावर, ओट्यावरून डब्यांच्या मागे. काका दोन्ही हातांनी त्याला धरायला जात आणि तो बोटांमधून निसटे. कोपरापर्यंत बुळबुळीत झाल्यावर एकदाचा गर भांड्यात पडला. तेवढ्यात बेल वाजली. काका हात पुसत दार उघडायला धावले.

पाहुण्यांना बसवून परत येऊन बघतात तो बायको ओट्यापाशी, सालांची ताटली रिकामी करत उभी!

“तुला काय सांगितलं होतं?”

“अहो, पण हे बघा ना...”

“काही बघायचं नाही! बाहेर!”

ती गेली. काकांनी मिक्सरमध्ये गर, पपई, केळं, अननस आणि वाडगाभर बर्फ घातला. बटण दाबलं. बर्फाने असा खडखडाट केला की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

हिरवट-पिवळी, घट्ट स्मूदी तीन मगांत ओतून काकांनी ट्रे बाहेर आणला. “घ्या!” म्हणून हात पुढे केला आणि त्यांचं लक्ष बोटाकडे गेलं. बोटावर नुसता पांढरा पट्टा. अंगठी गायब!

काकांनी मगांकडे पाहिलं. तो बुळबुळीत गर, तो खडखडाट! म्हणजे अंगठी या तीन मगांपैकी एकात. अठरा वर्षांची अब्रू तळाशी बसलेली आणि बायको समोर!

“थांबा!” काका किंचाळले. “गटागटा पिऊ नका. चावून प्या!”

“चावून?” सासूबाई दचकल्या. “जावईबापू, पातळ आहे ना हो ते?”

उन्हातून आलेल्या साडूंनी मात्र एव्हाना अर्धा मग घशाखाली उतरवला होता. काकांनी त्यांचा खांदा गच्च धरला. “घशाला काही टोचलं? जड वाटलं?”

“कडू वाटलं!” साडूंचा चेहरा आक्रसला. “विष आहे का हो?”

“मग राहू द्या! आणा इकडे!” म्हणत काकांनी तो मग हिसकावला आणि नाक दाबून रिकामा केला. तळाशी काही नाही! मग आपला मग प्यायले. तिथेही नाही! शेवटी सासूबाईंच्या हातातला ओढला.

“इतकं आवडतं तर घ्या हो,” सासूबाई हिरमुसल्या. “आम्ही पाणी पिऊ.”

तिसरा मग संपला. अंगठी नाही! म्हणजे... काकांनी हळूच साडूंच्या पोटाकडे पाहिलं.

“साडूसाहेब, तुम्ही आज घरी जायचं नाही. उद्या सकाळपर्यंत तरी नाही!”

“का हो?”

आता इलाज नव्हता. काका रडवेले होऊन बायकोकडे वळले. “अगं, माझी... एक वस्तू हरवली.”

बायकोने खुर्ची पुढे ओढली आणि टेबलामागे ऐसपैस बसली. “वस्तूचं वर्णन?”

“सोन्याची अंगठी.”

“शेवटची कधी पाहिली?”

“कोरफड सोलताना. नाही, त्याआधी. आठवत नाही!”

“हं. ओळख पटवा. आतल्या बाजूला काय कोरलंय?”

“आत कोरलंय?” काकांनी आ वासला. अठरा वर्षांत अंगठी निघालीच नव्हती, तर आतलं दिसणार कसं? “तुझं नाव? लग्नाची तारीख?”

“दोन्ही चूक.” बायकोने मुठीतून अंगठी काढली आणि उजेडाकडे धरली. “सालांच्या ताटलीत होती. मी दाखवत होते, तुम्ही मला बाहेर काढलंत.”

“आणि मी ते तिन्ही मग प्यायलो, तेव्हा?”

“स्वतः केलेलं स्वतः संपवताना तुम्हाला पहिल्यांदाच बघत होते. मध्येच थांबवावंसं वाटेना!”

काकांनी अंगठी घेऊन आत डोकावून पाहिलं. बारीक अक्षरात कोरलं होतं: ‘हरवू नका.’

“साखरपुडा झाल्यावर दोन महिन्यांत तुम्ही तीन छत्र्या हरवल्या होत्या,” बायको म्हणाली. “म्हणून मी सोनाराला तुमच्या बोटापेक्षा एक माप लहान करायला सांगितली.”

काकांना यावर खूप काही बोलायचं होतं. पण पोटातल्या अडीच मगांनी तेवढ्यात निकराची हाक दिली, आणि ते धावले. अंगठी टेबलावरच विसरून!