माझं चीगाँग आणि इंजिनिअरची अर्धी दाढी

मला राग येत नाही. हे मी अगदी शांतपणे सांगतेय, आणि ज्याला पटत नसेल त्याने समोर येऊन बोलावं!

मी बस चालवते. साधीसुधी नाही, जोडबस. दोन बसगाड्या मधे घडीच्या पडद्याने जोडलेल्या असतात ना, ती. आमच्या डेपोत ती अरुंद वळणावरून सफाईने काढणारी बाई मी एकटीच आहे. तसे पुरुषही फार नाहीत, पण ते जाऊ दे, कशाला कुणाला दुखवा. ते स्टिअरिंग हातात आलं ना, की मला जगात दुसरं काही नको असतं. खरंच सांगते.

तर झालं असं, की परवा एक गाडीवाला माझ्या मागे उभा राहून सारखा हॉर्न बडवत होता. सिग्नल लाल! समोरून म्हातारी माणसं रस्ता ओलांडताहेत! मी खाली उतरले, त्याच्या खिडकीशी गेले आणि हॉर्न कशासाठी असतो ते त्याला समजावून सांगितलं. बस्स, एवढंच! आता समजावताना आवाज जरा चढला असेल. पुढच्या चौकातला पोलीस धावत आला म्हणे. माझ्या प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या, ते मात्र कुणी सांगितलं नाही. साहेबांकडे तक्रार तेवढी पोचली.

साहेब म्हणजे आमचे डेपो मॅनेजर. मला बोलावून म्हणाले, "बाई, सोमवारी डॉक्टर येताहेत. तुमचं बीपी बघून घेऊ. जास्त निघालं, तर स्टिअरिंग बंद. चौकशीच्या खिडकीवर बसायचं."

चौकशीची खिडकी! काचेला एक भोक, भोकाच्या पलीकडे एक तोंड, आणि त्या तोंडातून दिवसभर एकच प्रश्न, "बस कधी येणार हो?" अरे, मी बस आणणारी बाई! ती कधी येणार ते मी सांगत बसू?

घरी येऊन मी पर्स खुर्चीवर आपटली आणि जाहीर केलं, "सोमवारपर्यंत मी अशी शांत होऊन दाखवते, की डॉक्टर मशीन उलटंपालटं करून बघेल!"

आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. डोळ्याला भिंग लावलेलंच होतं. ते न काढता म्हणाले, "चीगाँग कर."

"काय म्हणालात मला?"

"अगं, चिनी व्यायाम आहे. हळूहळू हात हलवायचे, हळूहळू श्वास घ्यायचा. ताण उतरतो. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी करतो."

"म्हणजे दिवसभर करता की हो!"

त्यांनी मला फोनवर एक व्हिडिओ लावून दिला. त्यात एक बाई मधाळ आवाजात सांगते, दोन पायांत खांद्यांइतकं अंतर ठेवा, गुडघे सैल सोडा. श्वास घेत तळवे वर न्या. श्वास सोडत खाली आणा. आता पोटासमोर एक न दिसणारा चेंडू धरा आणि स्थिर व्हा. आता कमरेतून वळा आणि समोरचा ढग हलकेच बाजूला सारा. एवढंच! यात शिकायचं ते काय? पण "हलकेच" आलं की माझे हात ऐकेनात. माझा ढग बाजूला सारला जायचा नाही, तो पळून जायचा.

"अगं, चेंडू धर," हे म्हणायचे. "स्टिअरिंग नको."

"चेंडूच आहे!"

"मग अंगठ्याने हॉर्न का दाबतेस?"

सासूबाईंनी दारातून दोन दिवस हा प्रकार बघितला आणि ह्यांना हळूच विचारलं, "हिचं वाऱ्याशी काही बिनसलंय का रे?" मी लक्ष दिलं नाही. माझं स्टिअरिंग जात होतं आणि यांना विनोद सुचत होते!

सोमवार उजाडला. डेपोत जाण्याआधी एकदा शेवटचा सराव करावा म्हणून मी गच्चीवर गेले. गार वारं सुटलं होतं, म्हणून अंगावर डेपोचं नारिंगी जाकीट चढवलं. कानात इअरफोन घातले, डोळे मिटले आणि श्वास घेतला.

पुढचं मला नंतर कळलं, पण तुम्हाला आधीच सांगून टाकते, म्हणजे घोळ नको. आमच्या समोर एक इमारत उठतेय. तिथल्या उंच क्रेनवर त्या दिवशी नवा क्रेनवाला चढला होता. इंजिनिअरची पत्र्याची केबिन एका कोपऱ्यातून उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवायची, हे त्याचं पहिलं काम. त्याला बजावलं होतं, "समोर नारिंगी जाकीटवाला दिसेल. त्याच्या हातांकडे बघ. तळवे वर गेले की उचल, खाली आले की उतरव, बाजूला सरले की फिरव, आणि हात थांबले की थांब." खरा सिग्नलवाला खाली आपलं जाकीट शोधत होता. आणि केबिनमध्ये इंजिनिअर दाढी करत होता.

मी श्वास घेत तळवे वर नेले.

काय सांगू! पहिल्यांदाच जमत होतं! हात आपोआप तरंगत होते. खालून माणसांची ओरड ऐकू येत होती, पण मी म्हटलं, ओरडा! किती ओरडायचं ते ओरडा! आज माझी परीक्षा बघायचीच ठरवलीय ना सगळ्यांनी? मी ढग उजवीकडे सारला. ओरड वाढली. मी आणखी सारला. मग अंगावर एक गार सावली आली. मला वाटलं, हीच ती ऊर्जा! व्हिडिओतल्या बाई म्हणाल्याच होत्या, काहीतरी जाणवेल.

तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या एका कानातला इअरफोन ओढला. त्या कपडे वाळत घालायला आल्या होत्या.

"सूनबाई, आपल्याकडे कुणी येणार होतं का?"

"नाही. का?"

"कुणाची तरी खोली आलीय."

मी डोळे उघडले. समोर, रस्त्याच्या बरोबर वर, एक अख्खी केबिन हवेत लटकत होती! तिच्या खिडकीत एक माणूस. अर्ध्या तोंडाला साबणाचा फेस, हातात रेझर आणि डोळे पांढरे.

"बाई! मला खाली घ्या!"

"मी? मी काय केलंय?" असं म्हणत मी हात वर उडवले. केबिन सरकन वर गेली!

"वर नको! वर नकोऽऽ!"

ह्यांनी भिंग डोळ्यावर ठेवूनच गच्चीवर धाव घेतली होती. यंत्र कुठलंही असो, ह्यांना ते लगेच कळतं. "अगं, तो क्रेनवाला तुझे हात बघतोय! तू वर, की खोली वर!"

"मग खाली करते!"

"खाली रस्ता आहे! माणसं आहेत! चेंडू धर! चेंडू!"

मी चेंडू धरला. केबिन थांबली. खाली गर्दी, वर इंजिनिअर आणि मधे मी. माझे हात खिळल्यासारखे. आणि नेमकं तेव्हाच माझं नाक खाजायला लागलं!

"सासूबाई, नाक खाजवा."

"कुणाचं?"

"माझं हो!"

त्यांनी खाजवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आम्हा दोघींचं कशावर तरी एकमत झालं.

"आता काय करायचं?" ह्यांनी विचारलं.

काय करायचं म्हणजे? मी जोडबस वळवते! अरुंद गल्लीत, पावसात, कडेला स्कूटर लावलेल्या असताना वळवते! ही तर एवढीशी खोली! मी श्वास घेतला, कमरेतून वळले आणि ढग हलकेच बाजूला सारला. त्या दिवशी तो खरोखर हलकेच सरला. केबिन रस्त्यावरून निघाली, आमच्या कठड्यावरून आली. मग मी श्वास सोडत सोडत तळवे खाली आणले. पाण्याची टाकी आणि कपड्यांची दोरी यांच्या मधे केबिन अशी अलगद टेकली, की टाकीला ओरखडासुद्धा नाही! खालच्या गर्दीने टाळ्या वाजवल्या. मला तर रडूच फुटायचं बाकी होतं.

केबिनचं दार उघडलं. मला वाटलं, माणूस आभार मानेल. निदान पाणी तरी मागेल. तो बाहेर आला, माझ्याकडे बघितलं आणि फेस उडवत म्हणाला, "बायकांच्या हातात काही दिलं, की हे असं होतं!"

हे माझ्या कानाशी कुजबुजले, "अगं, बीपी... सोमवार..."

"खड्ड्यात गेलं बीपी!"

आणि मग मी बोलले. काय बोलले ते छापण्यासारखं नाही, पण एक शब्दही खोटा नव्हता! आत माणूस आहे की नाही, हे न बघता खोली उचलणारे तुम्ही! भलत्याच माणसाचे हात बघणारे तुम्ही! आणि तुम्हाला रस्त्यावर न सांडता आणून ठेवणारी मी, ती बाई! तो एक बोलायचा, मी दहा बोलायचे. समोरच्या इमारतीवरचे मजूर काम थांबवून ऐकत बसले. क्रेनवाल्याने तर टोपी काढली. शेवटी शेवटी माझ्या घशातून नुसती खरखर यायला लागली आणि मग तीही थांबली. आवाज पार बसला! मी हात झाडले, पर्स उचलली आणि डेपोत गेले. अंग कसं हलकं झालं होतं.

डॉक्टरांनी पट्टा बांधला, मशीन सुरू केलं आणि आकडा बघून कपाळाला आठ्या घातल्या. पुन्हा मोजलं. दुसरं मशीन मागवून मोजलं. मग साहेबांना म्हणाले, "एकदम उत्तम! असं बीपी या डेपोत कुणाचंच नाही. तुमचंही नाही!"

मी जिंकले होते! स्टिअरिंग माझं होतं! मी उठणार, तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि इंजिनिअर आत घुसला. माझ्या जाकिटावरचं डेपोचं नाव वाचून आला होता. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर वाळलेला फेस. आला तो टेबलावर मुठी आपटत, मला नाही नाही ते बोलत सुटला.

मी तोंड उघडलं. आवाज नाही! पुन्हा उघडलं. काही नाही! मग काय करणार? हाताची घडी घातली आणि गप्प बसून राहिले. तो थैमान घालतोय आणि मी त्याच्याकडे टकामका बघतेय. शेवटी बिचारा बोलून बोलून दमला. मी पाण्याचा पेला पुढे केला, तो प्याला आणि निघून गेला.

साहेब माझ्याकडे असे बघत होते, जणू त्यांनी मला याआधी कधी बघितलंच नव्हतं.

"बाई," ते गहिवरून म्हणाले, "मी तुम्हाला ओळखलंच नाही हो! इतकं सोसणारं माणूस गाडीवर वाया घालवायचं? छे! लोकांची बोलणी ऐकून घ्यायला असंच माणूस मी कधीपासून शोधतोय. उद्यापासून चौकशीच्या खिडकीवर तुम्हीच! कायमच्या!"

मी ताडकन उठले. जिवाच्या आकांताने ओरडले, "मला माझं स्टिअरिंग हवंय!" पण घशातून फक्त हवा आली.

साहेबांनी डोळे पुसले आणि डॉक्टरांना म्हणाले, "बघितलंत? आनंदाने शब्द फुटत नाहीये बाईंना!"