शांताच्या हातचं पाणी

सन १९५८. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो आणि पुंडलिकभाऊ पन्नाशीच्या पुढे. शेंदूरजनाघाटात त्याचं घर आमच्या घराला लागूनच. हा माणूस परक्या गावात पाणी पीत नसे. लोकांना वाटे, सोवळं पाळतो. सोवळं कसलं! आमच्या गावात तो कोणाच्याही माठात तांब्या बुडवायचा. पण गावाबाहेर गेला की एकच हट्ट. आपल्या गावची लेक तिथे ज्या घरी दिली असेल, त्या घरी जायचं, आधी तिच्या हातचं पाणी प्यायचं, बाकीची कामं मग. वेशीवरच विचारायचा, "शेंदूरजन्याची लेक कोन्या घरी देल्ली?"

लेक कुणब्याची असो, माळ्याची असो की बौद्धांची. तो दारात जाऊन बसायचा. ती "दादा आला" म्हणत पाणी आणायची, हा तिच्या हातावर खण ठेवायचा आणि उठायचा. मधे चार शब्दही नाहीत. त्याला स्वतःला ना बहीण, ना लेक. लग्नच केलं नव्हतं. काहून नाही केलं असं विचारलं तर म्हणे, "गावच्या लेकी सांभायता सांभायता टाइम कुठं भेटला?"

त्या साली आमच्या व्यापाऱ्याने संत्र्याचा माल कलकत्त्याला पाठवला आणि मालासोबत मला. मी दुसरी शिकलेला, पण कोणाला भिणारा नव्हतो. तरी जोडीला कोणी असावं म्हणून पुंडलिकभाऊला विचारलं. बडनेऱ्याच्या पुढे तो कधी गेला नव्हता. म्हणाला, "तिथं आपली लेक हाये का?"

होती. केसरबाईची शांता. बडनेऱ्याच्या रेल्वेतल्या पोराला दिली होती. त्याची बदली कलकत्त्याला झाली आणि पुढे काही खबरच नाही. केसरबाई म्हातारी, डोळ्यांनी आंधळी. तिने पुंडलिकभाऊच्या हाती हिरवा खण दिला आणि म्हणाली, "वापस नोको आनू रे बापा." आमच्याकडे लेकीसाठी नेलेला खण परत आला की त्याचा अर्थ एकच. लेक राहिली नाही.

"पत्ता काय हाये?" मी विचारलं.

"रेल्वेची लाल चाळ."

"पुंडलिकभाऊ, कलकत्ता लई मोठं हाये म्हनते."

"असन. लेक देल्ली ते घर लोकायले मालूम राह्यते."

घरून भरून आणलेला फिरकीच्या झाकणाचा तांब्या हावड्याच्या पुलावर रिकामा झाला. पुलाच्या मधोमध उभा राहून तो म्हणाला, "एवढं लोखंड! एवढी मानसं! अन् राम राम कोनी करून नाई राहिलं." मग त्यानेच सुरुवात केली. सात-आठ जणांनी वळून पाहिलं, एकाने त्याच्या हातावर पैसा ठेवला. तो त्याने मागे धावत जाऊन परत केला.

त्याच्या मते हिंदी म्हणजे मराठीच, फक्त जोरात बोलायची. माल पोचवून आम्ही निघालो तो त्याने पहिला शिपाई गाठला. "शेंदूरजन्याकी लेक किधर देल्ली?" शिपायाने ट्रामकडे बोट दाखवलं. मग एक उंचापुरा पठाण. त्याने छातीवर हात ठेवून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मेरा गाँव भी बहुत दूर है." पुंडलिकभाऊ मला म्हणाला, "मानूस चांगला हाये. पन याले मालूम नाई." धोतरवाले बंगाली बाबू भेटले, पगडीवाले मारवाडी भेटले. बंगाली तर ज्याला त्याला दादाच म्हणत.

"सारेच मले दादा म्हनते," तो म्हणाला. "पन पानी कोनी इचारत नाई."

पुढे चिनी चांभारांच्या गल्लीत त्याच्या वहाणेचा अंगठा तुटला. चिनी माणूस शिवायला बसला. त्याची बायको आतून आली आणि म्हणाली, "दादा, पानी?"

पुंडलिकभाऊने तांब्यावर पालथा हात ठेवला. "नाई माय. पह्यले आमची लेक." मग विचारलं, "तू कोन गावची?"

तिने हाताने लांबची दिशा दाखवली.

"गाववाला कोई आता नाही?"

ती हसली. "कोई नहीं, दादा."

वहाण पायात घातली, पण तिथून त्याने मलाच पुढे केलं. विचारायचं काम माझ्यावर आलं.

दुपार कलल्यावर लाल चाळ सापडली. एक नव्हे, चार रांगा. पुंडलिकभाऊ एकेका दारापुढे उभा राहून ओरडू लागला, "शांते! ओ शांते!" तेलुगू, बिहारी, पंजाबी, सगळ्या बाया बाहेर आल्या. शेवटी एक तेलुगू बाई म्हणाली, "शांता? मराठीवाली? बदली हो गया."

"किधर?"

तिने बांगड्यांचा हात आभाळाकडे नेल्यासारखा केला.

"मजेत होती का?" पुंडलिकभाऊने विचारलं. तिला ते कळलं नाही. ती आत गेली.

"आता तरी पे," मी म्हणालो. "समोर नळ हाये."

"नळ कोन्या गावचा?"

त्याचे ओठ फुटायला आले होते. गाडीची वेळ होत आली होती. मी म्हणालो, "खनाचं काय करतं?" तो उलट्या दिशेने चालू लागला. मी शिव्या देत मागे.

चिनी बाई दुकानाच्या पायरीवर बसली होती. पुंडलिकभाऊने खण तिच्या हातावर ठेवला. तिने तो उलटून पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं. याने तांब्या पुढे केला.

"आता दे पानी."

तिने तांब्या भरून आणला. तो मान वर करून सगळा प्याला. मिशा पुसल्या आणि मला म्हणाला, "इच्या गावचं कोनी येत नाई म्हने." बस, एवढंच. गाडीत तो झोपून राहिला.

गावात आलो तेव्हा केसरबाई ओट्यावरच होती. पावलांवरून तिने ओळखलं. "भेटली?"

"भेटली. पानी देल्लं."

"खन?"

"हातावर ठेवला." आणि तो सरळ आपल्या घरात गेला.

केसरबाईने तोंड माझ्याकडे वळवलं. "कशी दिसते रे, गनपत?"

मी खोटं बोलत नाही, हे मी गावभर सांगत फिरायचो. म्हणालो, "दमलो माय, उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरली, केसरबाईच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि तिला सांगितलं की शांता अंगाने भरली आहे, दारात तुळस लावली आहे, आणि तांब्या अजून तुझ्यासारखा राखेनेच घासते. मग तिच्याच माठातलं पाणी मागून प्यालो.