रघ्याच्या चौकटीतला बायोडाटा

१९८६ साल. मला तेव्हा बासष्ट पुरी झाली होती, दात सगळे जागेवर होते, आणि मालवणच्या बाजारात छापखान्याचा रघुनाथ पेपर उलटा धरून वाचत असे.

उलटा म्हणजे खरोखरच उलटा. पुढाऱ्याचे पाय वर, टोपी खाली. एखादा नवखा माणूस दुकानात शिरला की बिचारा दबकत सांगायचा, "अहो, पेपर उलटा धरलाय तुम्ही." रघ्या मान वर न करता म्हणायचा, "सुलटो वाचल्यार चुको दिसणत नाय." जन्मभर शिशाचे खिळे जुळवलेला माणूस. त्या खिळ्यांवरची अक्षरं सगळी उलटी असतात. तेच बघून बघून त्याचे डोळे असे झाले होते की देवळातली पाटी त्याला वाचवत नसे, पण समोरच्याच्या हातातलं पत्र टेबलाच्या पलीकडून घडाघडा वाचायचा. त्यामुळे त्याच्यासमोर बसून कोणी पत्र उघडत नसे.

मी दुसरीपर्यंत शिकलो. मास्तरांनी एक दिवस कान धरून उठवलं, मी घरी गेलो. परत गेलो नाही. अजूनही गेलेलो नाही. म्हणजे कोण चुकलं ते मास्तरांना कळलं असेल. तरी आज हे लिहितोय ते माझं मी लिहितोय, कोणाला सांगून लिहून घेत नाही.

तर रघ्याचा छापखाना. नाव सातेरी प्रेस. आत एक पायाने चालवायचं मशीन, खिळ्यांचे कप्पे, आणि मागच्या खोलीत रघ्याची चूल. लग्न केलेलं नाही. लग्नपत्रिका मात्र अर्ध्या तालुक्याच्या छापलेल्या. प्रत्येक कामासाठी त्याची एक तयार लोखंडी चौकट होती, तिच्यात खिळे आवळून बसवलेले. लग्न कोणाचंही असो, चौकट तीच. जुनी नावं उपसायची, नवी घालायची. दशावताराच्या हँडबिलाची अशीच एक, बाराव्या-तेराव्याची एक. आणि एक बायोडाटाची.

ही बायोडाटाची चौकट कशी आली? गणपतीला मुंबईहून आलेल्या एका चाकरमान्याने स्वतःचा बायोडाटा रघ्याकडून छापून घेतला. रघ्याला तो इतका आवडला की त्याने ते खिळे सोडलेच नाहीत. वर लग्नपत्रिकेतला गणपतीचा ठोकळा, चहूबाजूंनी वेलबुट्टी, आणि आत तो चाकरमानी. त्यानंतर मालवणात ज्या कोणाला नोकरी हवी असेल त्याने त्या चाकरमान्याच्या आत शिरायचं. नाव, गाव, वय तेवढं रघ्या बदलायचा. बाकी काही बदला म्हटलं की त्याचं ठरलेलं वाक्य, "चौकट हलूची नाय. माणसान हलूक व्हया."

यात एक गोम होती. छापखान्यात मोकळ्या जागेसाठी शिशाचे कोरे तुकडे असतात. त्यांच्यावर अक्षर नसतं, नुसती जागा धरून बसतात. ते असले की हवी तिथे रिकामी जागा ठेवता येते. रघ्याचे मोठे कोरे तुकडे सगळे माझ्या पागाला होते. पाग म्हणजे फेकायचं जाळं, त्याच्या कडेला शिसं लागतं. मी मागायला गेलो नव्हतो. तोच म्हणाला, "हेच्यार काय लिवलेला नाय, घेवन जा, माका बांगडे दी." व्यवहार तो व्यवहार. पण त्यामुळे झालं काय, की रघ्याच्या चौकटीत रिकामं काही ठेवताच येईना. एखादी ओळ काढली की बाकीचे खिळे ढिले होऊन मशीनवर गळायचे. म्हणून सगळ्या सिंधुदुर्गातले उमेदवार उंचीला पाच फूट सहा इंच. सगळ्यांचे छंद टपाल तिकिटं जमवणं आणि बॅडमिंटन. आरोंद्याची एक बालवाडीची बाई माझ्या खांद्याला लागायची, तीही पाच फूट सहा इंच.

आता मला बायोडाटा कशाला हवा? तर त्या वर्षी झिल, म्हणजे माझा मुलगा, मुंबईला गेला आणि होडी माझ्या एकट्याच्या अंगावर पडली. रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, दोरी ओढायला गेलो तर कालची पोरं म्हणाली, "काका, तुमी बसा." बसा! मला जे वाईट वाटलं ते समुद्राला माहीत. मला पाणी सोडायचं नव्हतं. तेवढ्यात कळलं, तारकर्लीत एक नवा लॉज झालाय, पाहुण्यांना होडीतून फिरवायला जाणता माणूस हवाय. गेलो. पुण्याकडचा तरणा मॅनेजर, पँट कडक इस्त्रीची. म्हणाला, "काका, बायोडाटा घेऊन या."

मी सांगितलं, मला सगळं मालवण ओळखतं. तो म्हणाला, "मग तेच लिहून आणा."

गेलो रघ्याकडे. म्हटलं, "माका बायोडाटा व्हयो."

रघ्याने पेपर खाली ठेवला. "तुका? तुझो बायोडाटा म्हणजे पागाचो वास. तो छापूक येणा नाय."

"गप रव आणि लाव खिळे."

"उंची पाच सहा."

"मेल्या, माका बघतंस मा? मी पाच सुद्धा नाय."

"होडीत उभो रवलंस की होता तितकी. फुडे. भाषा मराठी, हिंदी, इंग्रजी."

"माका इंग्लिश येणा नाय."

"मगे शीक. खिळे आदीच बसलेले आसत."

शिक्षणाच्या जागी चौकटीत तीन ओळी होत्या. चाकरमानी पदवीधर होता, त्याला त्या पुरल्याही नसतील. माझं सगळं शिक्षण अर्ध्या ओळीत संपलं. रघ्या बराच वेळ चिमटा हातात घेऊन बसला. मग त्याने लावलं ते असं : 'प्राथमिक शाळा. त्यानंतर समुद्र. त्यानंतरही समुद्र.' मला राग आला. मग वाचून बघितलं. मग म्हटलं, ठेव.

अनुभवात मला माझं वादळ घालायचं होतं. एकदा ऐन वादळात होडी एकट्याने परत आणली होती, ते गावात सगळ्यांना मी सांगितलेलं आहे. रघ्या म्हणाला, जागा नाय. मी म्हटलं, माझो जीव वाचलो ह्या म्हत्त्वाचा नाय? तो म्हणाला, "तू वाचलंस ह्या तुका बघून कळता. तेका ओळ कित्याक?"

भांडलो. मी उठून बाजाराच्या टोकापर्यंत गेलो. परत आलो तेव्हा त्याने कागद मशीनवर चढवला होता. वेलबुट्टीच्या मधोमध माझं नाव, वर गणपती. बघणाऱ्याला वाटावं, ह्या वयात म्हाताऱ्याचं लग्न ठरलं.

ओल्या शाईचा तो कागद घेऊन दुसऱ्या दिवशी तारकर्लीला गेलो. वाटेत एका शाळेच्या पोरीला गाठून इंग्रजी करून घेतलं. कम, सीट, होल्ड. होडीत याहून जास्त इंग्रजी लागत नाही.

साहेबाने उभ्याउभ्याच कागद वाचला. म्हणाला, "इंग्लिश येतं तुम्हाला?"

मी खुर्चीकडे बोट केलं आणि म्हटलं, "सीट."

तो बसला.

मग म्हणाला, "बॅडमिंटन खेळता?"

म्हटलं, "हल्ली वारा फार असतो."

साहेबाने कागदाआडून माझ्याकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं, आणि 'त्यानंतरही समुद्र' वर बोट ठेवून हसायला लागला. म्हणाला, "काका, परवापासून या. उद्या एकदा होडी दाखवा मला."

संध्याकाळी मी चार चांगले बांगडे घेऊन रघ्याकडे गेलो. फुकट. याची नोंद कोणी घेतली नाही म्हणून मीच घेतो.

"घेतल्यान माका," मी म्हटलं.

रघ्या हात पुसत पुढे आला. "माझ्याकडे येतलो कधी?"

"कोण?"

"सायब तुझो. विचारूक."

मला कळेना. त्याने माझ्या कागदाची उरलेली प्रत काढली आणि अगदी खालची ओळ दाखवली. ती वेलबुट्टीला इतकी चिकटून होती की मी तिला वेलबुट्टीच समजलो होतो. 'अधिक चौकशीसाठी भेटावे : रघुनाथ, सातेरी प्रेस, बाजारपेठ, मालवण.'

"ही त्या चाकरमान्याची?" मी विचारलं.

"ही माझी. त्याच्या सायबाचा नाव होता थयसर, मी काढून माझा घातलंय. तेवडीच एक ओळ मी हलवलंय."

"म्हणजे सगळ्यांच्या खाली तुझा नाव?"

"सगळ्यांच्या."

"आणि कोण कोण येवन विचारून गेलो?"

रघ्या बांगड्यांकडे बघत राहिला. "कट्टा गावचो तो दुकानवाल्याचो भाचो, तेका घेतल्यानी मुंबईत. विचारूक नाय. आरोंद्याची बाई, तिका घेतल्यानी. विचारूक नाय. लोकांका नोकरी लागता, बरा आसा. पण कोण येवक नाय रे."

"मगे येवन तू काय सांगतलंस? सगळ्यांचे छंद बॅडमिंटन?"

"खुळो काय तू? ता कागदार झाला. माका विचारल्यार मी माणूस सांगतलंय." तो पायमशीनच्या कडेला टेकला. "कट्ट्याचो भाचो बोलता कमी. पण मी दमलंय ह्या बघून न सांगता पायाक पाय लावल्यान आणि मशीन मारूक लागलो. आरोंद्याची बाई पैसे देवन भायर गेली, पावस म्हणान परत इली, आणि माझी चूल पेटत नाय बघून फुंकूक बसली. पुरी भिजलेली. असा माणूस पोरांकडे व्हया. ह्या सांगूक नको? मशीन मारताना मी सगळ्यांचा एकेक ठरवून ठेवतंय. बोलून पण बघतंय. आवाजात."

"कोणाकडे बोलतंस?"

"हयसर कोण आसा? मशिनाकडे."

मग विचारलं, कारण विचारल्याशिवाय माझ्याने राहवेना, "आणि माझा काय ठरवलंस?"

"ता तुका नाय. विचारणाऱ्याक."

"सांग रे."

"नाय."

"बांगडे परत घेतंय बघ."

"घी."

घेतले नाहीत. पण त्याने काही सांगितलं नाही. मी पुष्कळ शिव्या दिल्या, त्यातल्या काही तर त्याला आवडल्या. तो बांगडे घेऊन मागे गेला आणि चूल फुंकायला लागला. मी तसाच निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजवर गेलो. साहेबाला होडीत बसवला. समुद्र अगदी शांत होता, साहेब खुशीत होता, पाण्यात हात घालून बघत होता. किनारा बराच मागे पडल्यावर मी वल्ही वर घेतली आणि विचारलं, "साहेब, पोहता येतं?"

"नाही हो. का?"

"सहज. तुम्हाला मालवणात एका माणसाला माझ्याबद्दल विचारायचं आहे."

"काका, मी तुम्हाला ठेवलंय कामावर. चौकशी कसली? गरज नाही."

"तुम्हाला नसेल."

"आणि तो काही वाईट बोलला तर?"

ते माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. रघ्या बोलूही शकतो. "तर नका ठेवू," म्हटलं.

साहेबाने मागे बघितलं, पुढे बघितलं, सगळीकडे पाणी. हळूच म्हणाला, "बरं. काय विचारू त्यांना?"

"हा माणूस कसा आहे म्हणून विचारा. मी बाहेर उभा राहीन. आणि तो बोलायला लागला की त्याला मध्ये तोडू नका."

मग मी वल्ही पाण्यात घातली आणि होडी मालवणकडे वळवली.