चनबसप्पांच्या पट्ट्या

तपासणीचे साहेब सकाळी पुण्याहून यायचे होते, आणि आदल्या दिवशी दुपारी सावित्रम्मांच्या लक्षात आलं की एवढं नवं कापड घराबाहेर चाललंय आणि त्याला हळदकुंकू लागलेलंच नाही. त्यांनी पदर खोचला, करंडा घेतला आणि शेजारच्या अंबुबाईंना हाक मारली.

कापड साधंसुधं नव्हतं, दवाखान्याचं बँडेज होतं. सोलापूरच्या साखर पेठेतल्या चनबसप्पांच्या कारखान्यात चादरींचे चार माग होते. त्यातले दोन गेला महिनाभर चादर सोडून पट्ट्यांचं कापड विणत होते. त्याआधीच्या वर्षी चनबसप्पांच्या धाकट्या भावाचा, मडिवाळप्पाचा, हात मागात सापडला होता. सरकारी दवाखान्यात नेलं तर डॉक्टर वैरागकर म्हणाले, "पट्ट्या संपल्यात. मुंबईहून यायच्यात." रक्त काही मुंबईच्या मालासाठी थांबणार नव्हतं. चनबसप्पांनी अंगावरच्या धोतराचा सोगा फाडून दिला. मडिवाळप्पाचा हात बरा झाला, पण थोरल्या भावाच्या डोक्यात जो भुंगा शिरला तो शिरलाच. अख्ख्या देशाला पांघरूण घालणारं आपलं गाव, आणि आपल्याच माणसाच्या जखमेवर बांधायला चिंधी बाहेरून आणायची?

डॉक्टरांना ही कल्पना फारच आवडली. त्यांनी पुण्याला आरोग्य खात्याकडे लिहिलं, पाठपुरावा केला, नमुना पाठवला. आता हा पहिला माल पास झाला की दोन माग कायमचे पट्ट्यांना लागणार होते. नापास झाला तर पुन्हा चादरी. चनबसप्पा चादरींना कंटाळले होते असं नाही. पण भावाचा हात पाहिला की त्यांचं चादरीत मन लागत नसे.

"पहिल्या गठ्ठ्याला बोट लावा, झालं की," अंबुबाई म्हणाल्या.

"आन बाकीच्यांना?" सावित्रम्मांनी विचारलं. "ह्यातली एकेक पट्टी एकेकाच्या अंगाला लागणार. त्यो बी कुणाचा तरी लेकच की. एकाला लावायचं आन दुसऱ्याला न्हाय, ह्ये कुटलं शास्त्र?"

अंबुबाईंनी पाट ओढला. मग दोघींनी दिवेलागणीपर्यंत बसून एकेक गुंडाळी हातात घेतली. प्रत्येकीच्या टोकाला ओल्या हळदीचं बोट, त्यावर ठसठशीत कुंकू, आणि "बरा हो रे बाबा" असा आशीर्वाद. मग सगळा माल होता तसा पेटीत रचून ठेवला. चनबसप्पा त्या वेळी साहेबांसाठी नव्या कपबश्या आणायला बाजारात गेले होते.

सकाळी डॉक्टर वैरागकरांबरोबर टिळेकर साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण हसणं हे खात्याच्या नियमात बसत नाही अशी त्यांची समजूत असावी. त्यांनी चहा नाकारला, पेटी उघडायला लावली, वरची गुंडाळी उचलली आणि तिच्याकडे पाहतच राहिले. मग दुसरी उचलली. तिसरी उचलली.

"हे वापरलेलं बँडेज आहे."

"न्हाय साहेब!" चनबसप्पा पुढे सरसावले. "कोरं हाय. कालच–" आणि त्यांचं लक्ष गुंडाळीकडे गेलं. टोकाला लाल डाग, भोवती पिवळं वर्तुळ. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"रक्त आहे आणि पू आहे," साहेब म्हणाले. "प्रत्येक पट्टीवर आहे."

"रक्त न्हाय ओ, कुंकू हाय!" दाराआडून सावित्रम्मा म्हणाल्या. "आन त्यी हळद. मीच लावलंय."

डॉक्टर वैरागकरांना हसू आवरेना. "अहो टिळेकर, हळद जखमेला चांगलीच असते."

"हळद स्वयंपाकघरात असते," साहेब म्हणाले. "मी उद्या संध्याकाळच्या गाडीने परत जाणार. उद्या दुपारपर्यंत स्वच्छ माल दाखवा. नाहीतर मला कागदावर नापास लिहावं लागेल."

साहेब गेल्यावर चनबसप्पांनी बायकोकडे पाहिलं. त्यांना खूप बोलायचं होतं; पण सावित्रम्मांचे डोळे आधीच भरले होते. "अय्यय्यो, मी लोकांच्या बऱ्यासाठीच केलं ओ," त्या म्हणाल्या, आणि चनबसप्पांचा राग तिथेच विरघळला. कुंकूही विरघळायला हवं होतं. सगळा माल उलगडून टाकीत टाकला तेव्हा ते विरघळलंही. मात्र टाकीतून गेलं नाही. अर्ध्या तासात सगळ्या पट्ट्या गुलाबी झाल्या.

"घाबरू नका शेट," नरसय्या म्हणाला. नरसय्या त्यांचा जुना मागवाला. त्याच्या बापानेही याच मागांवर हात झिजवले होते. "ब्लीचिंगची पावडर टाकून उकळतो. सकाळपर्यंत सगळं पांढरं."

नरसय्या शब्दाला जागला. सकाळी उन्हात वाळत घातलेल्या पट्ट्या जवळजवळ पांढऱ्या झाल्या होत्या. गुलाबी झाक उरली होती, पण ती शोधणाऱ्यालाच दिसावी एवढी. नरसय्याचं मन मात्र थाऱ्यावर नव्हतं. दोनदा उकळून ते कापड पार मलूल झालं होतं. हातात धरलं की गळून पडायचं. मागावर धाग्याला लावलेली कांजीची खळ उकळून काढायची, हे डॉक्टरांनी सांगितलेलं तो विसरला नव्हता. तेव्हाही त्याला ते पटलं नव्हतंच. पण काल माल नाकारला गेला होता, आज साहेब पुन्हा येणार होते, आणि असलं लोळागोळा कापड साहेबांपुढे ठेवायचं? नवरीला वेणी न घालता बोहल्यावर उभं करण्यासारखंच ते. शेट आंघोळीला गेलेले पाहून त्याने पातळ कांजी केली आणि सगळ्या पट्ट्या तीतून काढल्या. थोडीशीच. अगदी नावाला.

दुपारी टिळेकर साहेबांनी पेटी उघडली आणि पहिल्यांदाच त्यांच्या कपाळावरची आठी गेली. गुंडाळ्या कशा ताठ, एकसारख्या बसल्या होत्या! "वा," साहेब म्हणाले. गुलाबी झाक त्यांना दिसली नाही, किंवा दिसूनही त्यांनी सोडून दिली. चनबसप्पांनी डॉक्टरांकडे पाहिलं, डॉक्टरांनी मान हलवली, आणि कोपऱ्यात नरसय्याची छाती फुगली.

"आता शेवटची परीक्षा," साहेब म्हणाले. "एक पातेलं पाणी आणा. चांगली पट्टी पाण्यावर ठेवली की लगेच पाणी पिते आणि बुडते."

साहेबांनी पट्टीचा तुकडा अलगद पाण्यावर ठेवला. तुकडा तरंगला. सगळे पातेल्यावर वाकले. तुकडा पातेल्यात सावकाश एक फेरी मारून पुन्हा साहेबांसमोर आला.

"बुड की बाई," चनबसप्पा पुटपुटले. पंचवीस वर्षांच्या धंद्यात आपला माल बुडावा म्हणून त्यांनी देवाचा धावा पहिल्यांदाच केला असेल.

"खळ आहे," साहेब म्हणाले.

"खळ न्हाय साहेब, आमी सगळी काढलीय! नरसय्या, सांग की साहेबाला."

नरसय्याने मान खाली घातली. "जरा कांजी दिली शेट. मालाला इज्जत नको का?"

 पातेल्यात तुकडा तरंगतच होता. टिळेकर साहेबांनी खिशातून पेन काढलं, आणि खरं सांगायचं तर ते पेन काढताना त्यांनाही वाईट वाटत होतं. पण त्यांच्या गाडीची वेळ होत आली होती.

पट्ट्यांच्या पेट्या मग सोप्यात पडून राहिल्या. दोन्ही मागांवर चादरीच्या उभ्या धाग्यांचा ताणा चढला. सावित्रम्मा पेट्यांवरून ये-जा करताना नजर वळवून घेत. नरसय्याने कित्येक दिवस शेटपुढे तोंड वर केलं नाही. चनबसप्पांनी दोघांनाही एका शब्दाने दुखवलं नाही. त्यामुळे दोघांना जास्तच लागलं.

थंडीत मंगळवेढ्याकडचा बिरदेव धनगर घोंगड्या विकायला आला. पेट्या पाहून म्हणाला, "ह्ये काय हाय, मालक?"

"बँडेज. नापास झालेलं."

"मेंढराचा पाय मोडला तर बांधाय चालंल का?"

"तुला चालंल तर घेऊन जा."

"मेंढरू काय तपासाय बसतंय व्हय?" बिरदेव म्हणाला, आणि दोन घोंगड्यांच्या बदल्यात सगळ्या पेट्या खेचरावर लादून गेला. सोपा मोकळा झाला. सावित्रम्मांनी तो सारवून घेतला, आणि घरात त्या पट्ट्यांचं नाव निघेनासं झालं.

पुढे मे महिन्यात रेल्वेचा संप झाला. चौथ्या-पाचव्या दिवशी डॉक्टर वैरागकर भर उन्हात सायकल मारत साखर पेठेत आले. घामाने निथळत होते.

"चनबसप्पा, त्या पट्ट्या काढा. दवाखान्यात एक चिंधी उरलेली नाही. मुंबईचा माल वाटेत अडकलाय."

"त्या नापास–"

"खड्ड्यात गेलं नापास! एकदा पाण्यातून खळबळून काढल्या की खळ जाते. त्या दिवशी साहेबांना एवढं म्हणायला मला सुचलं नाही. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय."

"तुमालाच कशाला, कुणालाच सुचलं न्हाय," चनबसप्पा म्हणाले. "पर आता पट्ट्या न्हाईत, डॉक्टरसाहेब. मेंढरांना दिल्या."

डॉक्टर हसले, आणि चनबसप्पांचा चेहरा पाहून थांबले. "मग विणून द्या. तपासणी नाही, काही नाही. माझ्या सहीवर घेतो. आणि यापुढेही तुमच्याकडूनच घेईन, मग पुणं काय म्हणायचं ते म्हणू दे."

चनबसप्पांना वर्षभर हेच ऐकायचं होतं. त्यांनी मागाकडे पाहिलं. चादरीचा ताणा त्यांनी त्याच क्षणी कापून फेकला असता. शेजारी नरसय्या उभा होता. तो तर कात्री घेऊनच आला.

"ठेव ती," चनबसप्पा म्हणाले. "पट्टीचं बारीक सूत हितं मिळत न्हाय, डॉक्टर. त्ये कोइमतूरहून येतंय. रेल्वेनं."

डॉक्टर खुर्चीत टेकले. सावित्रम्मांनी चहा आणला, तो दोघांनीही घेतला. चनबसप्पांना मनापासून रडावंसं वाटत होतं, पण डॉक्टरांसमोर ते बरं दिसलं नसतं.

संप मिटून मुंबईचा माल येईपर्यंत दवाखान्यात रोग्यांच्या नातेवाइकांना घरून जुनं लुगडं आणायला सांगत होते. आणि मंगळवेढ्याच्या माळावर बिरदेवाची लंगडी मेंढरं सोलापूरच्या पट्ट्या बांधून चरत होती.