बाईंची पट्टी

"अहो, माझी पट्टी बघितलीत का?" आंघोळ करून येताच बाईंनी विचारलं.

नवऱ्याने टेबलावरची लाकडी फूटपट्टी तत्परतेने पुढे केली.

"ही नव्हे. कमरेला लावायची," बाई बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

बाई तिसरीच्या वर्गाला शिकवत. पाळी बंद झाल्यापासून अंगाची लाही व्हायची, पाढे म्हणवून घेतानाच त्या घामाने निथळायच्या. झोप तर उडालीच होती. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी हॉर्मोनची पट्टी दिली. कमरेला चिकटवायची, आठवड्यातून दोनदा बदलायची. बाई पुन्हा झोपू लागल्या, वर्गात हसू लागल्या. घरी मात्र त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं. हॉर्मोन घेतले की बायका स्वतःचं नावसुद्धा विसरतात, असं त्यांच्या नणंदेने कुठेसं वाचलं होतं, आणि भेटेल त्याला ऐकवलं होतं.

नवऱ्याला कळलं ते एवढंच, की बायको कमरेला फूटपट्टी लावते आणि हरवते. त्याने बहिणीला फोन केला. अर्ध्या तासात वन्सं हजर.

"आज वार कोणता गं?"

"रविवार."

"सतरा सक्कं?"

"एकशे दोन."

"बरोबर आहे का रे?" वन्संनी भावाला हळूच विचारलं. त्याने बोटं मोजली. "असावं."

बाईंना वाटलं, बिंग फुटलं. "लावते मी पट्टी," त्या म्हणाल्या. "मला बरं वाटतं. सोडणार नाही."

"लाव की," नवरा मायेने म्हणाला. "पण प्लास्टिकची लाव. लाकडी टोचेल."

शेवटी बाईंनी कपाटातून औषधाचा डबा काढून दाखवला. हरवलेली पट्टी टॉवेलला चिकटलेली निघाली. पण वन्संचं समाधान होईना. "हॉर्मोन? तरीच! बंद कर आधी."

दुसऱ्या दिवशी तिघं दवाखान्यात.

"अभ्यासांचं एकमत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पासष्टीनंतर नव्याने सुरू केलं, तर विस्मरणाचा धोका वाढल्याचं काही ठिकाणी दिसलंय. त्या वयात मी देत नाही. ह्यांनी पाळी जाताच सुरू केलंय. तिथे तसा ठोस पुरावा नाही. चालू ठेवा, वर्षाने पुन्हा तपासू."

बाईंचा जीव भांड्यात पडला. नवरा उठला, बाई उठल्या. वन्सं उठेनात. पदराने वारा घेत त्या तशाच बसून राहिल्या.

"तुम्ही दोघं व्हा पुढे," त्या म्हणाल्या. दार लोटलं जाताच त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला.

"डॉक्टर, पासष्ट म्हणजे... चालू की पूर्ण?"