ढोकण्यांची शुगर

कृषी विद्यापीठाच्या आस्थापना विभागात आसाराम ढोकणे वीस वर्षं एकाच खुर्चीत बसत होता. खुर्ची तेवढीच राहिली, आसाराम मात्र दोन्ही बाजूंनी वाढला.

अशात परिपत्रक आलं. सर्वांची रक्ततपासणी, प्रत्येकाने स्वतः, उपाशीपोटी हजर राहावे, अहवाल घरच्या पत्त्यावर. खाली अधीक्षक शेळकेसाहेबांची सही.

'घरचा पत्ता' वाचून आसारामने हातातला चहा खाली ठेवला. घरी बायको होती, मुक्ताबाई. एक आकडा वाकडा निघाला, की दिवसाचे सहा गोड चहा आणि कँटीनची जिलबी कायमची बंद.

त्याने काडीसारख्या चांदभाई ड्रायव्हरला गाठलं. विभागात एकमेकांची हजेरी लावायची रीत होतीच; रक्ताचं काय वेगळं?

"माझ्या नावाची चिठ्ठी घे अन् देऊन ये."

"देतो की, भाऊसाहेब. चार थेंबानं काय व्हतंय?"

आठव्या दिवशी अहवाल आला. उपाशीपोटी साखर तीनशे दहा.

मुक्ताबाईने साखरेचा डबा शेजारी देऊन टाकला आणि कारल्याच्या रसाचा पेला पुढ्यात ठेवला. "अहो, नाक दाबा अन् प्या."

खरं सांगावं, तर तिने स्वतः धरून रक्त द्यायला नेलं असतं. शिवाय दुसऱ्याला पाठवलं म्हणून साहेबांचा मेमो आला असता, तो वेगळाच. आसाराम प्यायला.

चार दिवसांनी मात्र त्याला वेगळंच टोचू लागलं. समोर चांदभाई चहात क्रीमरोल बुडवत होता. तीनशे दहा त्याची, अन् त्यालाच पत्ता नाही. घरी तीन लेकरं. आसारामने त्याचा कप धरला.

"ठेव तो. ती शुगर तुझी आहे रे."

"माझी कशी? तुमच्या नावानं मी कुठं दिलंय रक्त?"

"मग कुणी दिलं?"

चांदभाईने दाराकडे पाहिलं. "गाडीत शेळकेसाहेब हुते. चिठ्ठी बघून म्हनले, 'आण इकडं, ढोकण्यांच्या नावानं मी देतो. माझं टपाल बायको फोडते. आकडा तू नंतर त्यांच्याकडून गुपचूप काढून आण.' त्यांच्या नावानं मी दिलं. एकदम नॉर्मल आलं. तुमाला इचारायचं मातर धाडस झालं न्हाई."

आसाराम थेट केबिनमध्ये गेला. नॉर्मल अहवालाच्या आनंदात बाईसाहेबांनी पाठवलेले पेढे साहेबांपुढे होते.

"साहेब, माझी शुगर तीनशे दहा आली."

पेढा तोंडापाशीच थांबला. मग साहेबांनी तो पुन्हा कागदात गुंडाळला.

"वाईट झालं, ढोकणे. तुम्ही डॉक्टरांना दाखवायला हवं. मी येतो बरोबर."

"तुम्ही आलात तर बरंच, साहेब."

नगरच्या डॉक्टरांनी साहेबांना तपासलं. गोळ्या साहेबांनी घेतल्या. पण रोज पहाटे प्रक्षेत्राच्या, म्हणजे विद्यापीठाच्या शेतांमधल्या, रस्त्यावर चालायला 'ढोकण्यांसाठी' म्हणून आसारामलाही ओढून नेलं. त्याच्या पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली.

तीन महिन्यांनी साहेब खुशीत ढोकण्यांच्या नावाचा कागद घेऊन आले. "ढोकणे, तुमची शुगर एकशे वीसवर आली."

"जिवाला बरं वाटलं, साहेब."

आता चहा पुन्हा सुरू होणार, म्हणून आसाराम कागद घेऊन लगबगीने घरी गेला. मुक्ताबाईने आकडा दोनदा वाचला.

"बघा, कारलं लागू पडलं," ती म्हणाली, आणि आणखी मोठा पेला काढायला उठली.